खडूने काढता येईल अशी खूण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी पेंटर. चित्रकार नव्हे, पाट्या रंगवणारा. रविवार कारंजाजवळच्या एका बोळात माझं दुकान होतं. १९७३ साली उस्तादांच्या हाताखाली डबे धुण्यापासून सुरुवात केली आणि २०१४ साली शटर ओढलं. मधल्या काळात मेन रोड, भद्रकाली, सराफ बाजार, पंचवटी इथल्या किती दुकानांवर माझी अक्षरं होती, त्याचा हिशेब ठेवला नाही. आधी फ्लेक्स आला, मग मशीनवर कापलेलं रेडियम आलं, तेव्हा ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतले आणि गुंडाळून ठेवले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे फ्रान्सबद्दल लिहिणार आहे आणि 'हा कोण लागून गेला फ्रान्सवर बोलणारा' असं कुणाच्याही मनात येईल.

माझी धाकटी लेक तुलूझ नावाच्या शहरात असते. फ्रान्सच्या दक्षिणेला, गारोन नदीच्या काठी. जावईबापू विमानाच्या कामात आहेत; आपल्याकडे ओझर, तसं तिकडे ते अख्खं शहरच विमानांवर चालतं. यंदाच्या उन्हाळ्यात तिथे दोन महिने राहून आलो. चर्च, किल्ले, द्राक्षमळे यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. माझी नजर जाते पाटीकडे. त्यामुळे विमानतळाबाहेर लेकीने गाडीत सामान टाकलं, तेव्हा मी आधी पाहिली ती तिच्या गाडीची नंबरप्लेट.

पांढऱ्यावर काळी अक्षरं, दोन्ही टोकांना निळी पट्टी. डाव्या पट्टीत युरोपचे तारे. उजव्या पट्टीत वर एक लाल-पिवळी खूण आणि खाली ३१ हा आकडा. मी विचारलं, हे काय? लेक म्हणाली, "अप्पा, ३१ म्हणजे आपला जिल्हा. वरची खूण आपल्या प्रदेशाची." लग्नाला सात वर्षं झाली आणि तिकडचा जिल्हा 'आपला' झालाय, हे मी मनात टिपून ठेवलं.

फ्रान्समध्ये असे १०१ जिल्हे आहेत. मुळात त्यांना नंबर लावले ते नावांच्या अकारविल्हे क्रमाने. जुन्या पद्धतीत गाडीचा नंबर जिल्ह्याच्या आकड्याने संपायचा, म्हणजे आपलं एमएच १५ जसं पुढे असतं तसं त्यांचं मागे. २००९ साली सरकारने पद्धत बदलली. गाडीला जन्मभर एकच नंबर, आणि त्यात जिल्ह्याचा काही संबंध नाही. त्यावर आधीच्या वर्षी तिकडच्या खासदारांनी जी बोंब मारली ती ऐकण्यासारखी आहे. 'माझ्या जिल्ह्याशिवाय कदापि नाही' अशा अर्थाच्या नावाने त्यांनी मोहीमच उघडली. शेवटी तडजोड झाली. नंबर सरकारचा, पण उजव्या पट्टीत प्रदेशाची खूण आणि जिल्ह्याचा आकडा पाहिजेच. गंमत पुढेच आहे. तो आकडा कोणता घ्यायचा हे गाडीवाल्याने ठरवायचं. तुम्ही राहता कुठे, गाडी घेतली कुठे, कुणी विचारत नाही. जिथे जीव अडकलाय तिथला आकडा लावा.

लेकीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक वयस्कर गृहस्थ राहतात. तीस वर्षं तुलूझमध्ये काढली, तरी गाडीवर २९. म्हणजे ब्रिटनीचं टोक, पार समुद्राकडचं. गाडीच्या मागच्या काचेवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा चिकटवलेला. त्यांच्याबद्दल पुढे येतोच.

आपल्याकडे हे आरटीओच्या कोडावर निभावतं. आज नाशिकचा पोरगा पुण्यात शिकायला गेला की गाडीवर, टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर 'एमएच १५' लावतो. मी स्वतः दुकान बंद करायच्या आधीच्या दहा वर्षांत हे कोड हजारदा तरी रंगवलं असेल. २१४ चा 'राम' करून द्या, ८०५५ चा 'बॉस' करून द्या, अशी गिऱ्हाइकं यायची. पोलिसांच्या भीतीने मी टाळायचो, तरी काही केले, खोटं कशाला बोलू. पण बघा, मुंबईत कुठल्या तरी टेबलावर ठरलेला तो पंधराचा आकडा. त्यात ना गंगा (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) आहे ना काळाराम. तरी पोरांना लावायला तोच सापडतो. दुसरं काही आपण त्यांच्या हातात ठेवलंच नाही.

तर ती लाल-पिवळी खूण. पुढच्या रविवारी लेक मला तिथल्या मोठ्या चौकात घेऊन गेली. त्याला कॅपितोल म्हणतात, महापालिकेची इमारत तिथेच आहे, गुलाबी विटांची. चौकाच्या मधोमध फरशीत ब्राँझचा एक भलामोठा क्रूस बसवलेला आहे. आपल्या डोळ्यांपुढे जो क्रूस येतो, तसा नाही. चारही बाजू सारख्या, मधून पोकळ, टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या, आणि प्रत्येक टोकाला तीन-तीन गोळे. चार त्रिक बारा. आणि त्या बारा गोळ्यांच्या जागी तिथे बारा राशी कोरल्यात! मी माझी कर्क शोधली आणि तिच्यावर उभा राहिलो. नातीला वाटलं आजोबा दमले.

मोरेती नावाच्या चित्रकाराने ते काम केलं. त्याच चौकाच्या एका बाजूच्या कमानींच्या छतावर त्याचीच चित्रं आहेत, शहराचा इतिहास सांगणारी. मान वर करून पाहताना माझी पगडी, म्हणजे टोपी, पडली.

हा क्रूस मूळचा तुलूझच्या काउंटांचा, म्हणजे तिथल्या सरदार घराण्याचा. बाराव्या-तेराव्या शतकातला. आपल्याकडे सिन्नरच्या गोंदेश्वराच्या आसपासचा काळ धरा. लाल जमिनीवर सोनेरी. घराणं गेलं, राज्य फ्रान्सच्या राजाकडे गेलं, १७९० साली क्रांतीने सगळ्या सरदारांची चिन्हं रद्दच करून टाकली. आणि एवढं सगळं होऊन ही खूण आज नंबरप्लेटवर आहे, किल्लीच्या साखळीवर आहे, पालिकेच्या इमारतीवर फ्रान्सच्या आणि युरोपच्या झेंड्याशेजारी आहे. देवळाशी, चर्चशी तिचा आता संबंध उरलेला नाही. तिथे ऑक्सितान नावाची जुनी भाषा आहे, मेट्रोत स्टेशनचं नाव फ्रेंचनंतर त्या भाषेतही पुकारतात. तर त्या भाषेची माणसं हा क्रूस आपला मानतात.

मी पेंटर म्हणून पाहिलं. दोन रंग. सावली नाही, छटा नाही. खडू मारलेल्या दोन दोऱ्यांत मधला भाग आखला जातो, गोळे कंपासने. अर्ध्या तासाचं काम. चिंधीवर काढा नाहीतर पत्र्यावर, रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतो. उलट्या बाजूने पाहिला तरी तोच दिसतो. झेंड्याला ही गोष्ट फार महत्त्वाची, कारण झेंडा अर्धा वेळ उलटाच दिसतो.

त्याउलट तुलूझ शहराचं जुनं कुलचिन्ह पाहा. लाल जमिनीवर एक कोकरू, ते मान वळवून उभं, त्याच्याजवळ हाच क्रूस धरलेली काठी, एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला चर्च, आणि वर निळ्या पट्टीत राजाची सोनेरी कमळफुलं. सुरेख आहे. पण मला कुणी असं झेंड्यावर काढायला सांगितलं असतं तर मी आठ दिवस आणि आगाऊ पैसे मागितले असते. लोकांनी त्यातला फक्त क्रूस उचलला. कोकरू पालिकेच्या कागदांना राहिलं.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी पत्र लिहायला बसलो.

२०१६ च्या १ जानेवारीला फ्रान्सने आपले प्रदेश जोडून मोठे केले. युरोपातल्या २२ चे १३ झाले. तुलूझचा प्रदेश शेजारच्या प्रदेशाला जोडला आणि १३ जिल्ह्यांचा एक प्रदेश झाला. नाव ठरेपर्यंत दोन्ही नावं एकापुढे एक लिहायची: लांगदॉक-रुसियों-मिदी-पिरेने. आम्ही अक्षरामागे पैसे घ्यायचो, त्यामुळे मला तिथल्या पेंटरांचा हेवाच वाटला. मग पाच नावं लोकांपुढे ठेवली. दोन लाखांवर लोकांनी मत दिलं आणि 'ऑक्सितानी' पहिलं आलं.

झालं, वाद मिटला, असं वाटेल. पण या प्रदेशाच्या खालच्या कोपऱ्यात, स्पेनच्या सीमेला, पेर्पिन्यां नावाचं शहर आहे. तिथले लोक कातालान. १६५९ च्या तहात तो मुलूख स्पेनकडून फ्रान्सकडे आला, पण भाषा, सण, झेंडा सगळं बार्सिलोनाकडचं: पिवळ्यावर चार लाल पट्टे. ते म्हणाले, ऑक्सितानी म्हणजे तुम्ही, आम्ही त्यात कुठे? त्या पाच नावांत एक नाव 'ऑक्सितानी-कातालान प्रदेश' असं होतं. ते मागे पडलं. सप्टेंबर २०१६ मध्ये पेर्पिन्यांच्या रस्त्यांवर मोर्चा निघाला. नाव तरी ऑक्सितानीच राहिलं, महिनाअखेर सरकारी शिक्का बसला.

पण पुढे खूण ठरवताना त्यांनी काय केलं ते मला आवडलं. एकाच चिन्हात तुलूझचा क्रूस घेतला आणि कातालानांचे पट्टेही घेतले. दोन्हीकडे लाल-पिवळाच रंग, त्यामुळे जोड दिसत नाही. आणि नावाखाली बारीक अक्षरांत डोंगर आणि समुद्र दोघांची नावं टाकली. नाव गेलं, पण नंबरप्लेटवर पट्टे आहेत. पेर्पिन्यांच्या माणसाचं समाधान झालं का? लेकीच्या ऑफिसात एक कातालान बाई आहे, ती म्हणते अर्धंच झालं. अर्धं तर झालं.

हे ऐकताना मला सारखी नाशिकरोड आठवत होती.

आपली महापालिका १९८२ साली झाली. नाशिक, नाशिकरोड, देवळाली, सातपूर, आजूबाजूची गावं, सगळी एकत्र आली. पण नाशिकरोडचा माणूस आजही रिक्षात बसताना म्हणतो, "नाशिकला जाऊन येतो." माझा एक मित्र नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाला, जेल रोडला राहतो. त्याला मी म्हटलं की शहराला एखादी खूण पाहिजे, तर पहिलं वाक्य काय आलं? "म्हणजे परत तुमचा रामकुंड आणि तुमची पंचवटी!" हा आमचा पेर्पिन्यां.

सिंहस्थ तोंडावर आला की शहराच्या भिंती रंगतात, कमानी उभ्या राहतात, नवनवी चिन्हं निघतात. मागच्या खेपेलाही पाहिलं, त्याच्या मागच्या खेपेला तर मी स्वतः रंगवत होतो. माझी विनंती एवढीच, की या वेळी खूण ठरवणाऱ्यांनी संगणकापुढे बसण्याआधी थोडं रस्त्यावर यावं. का ते माझ्याच अनुभवावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका कार्यालयाने (नाव घेत नाही, माणसं चांगली होती) आवारातल्या अकरा पाट्यांवर त्यांचं नवं बोधचिन्ह रंगवायला मला बोलावलं. हातात कागद दिला. चिन्हात हिरव्यातून निळ्यात विरघळत जाणारं पान, पानावर सूर्य, सूर्याला सावली, आणि खाली संस्कृत वचन, तेही तांदळाएवढ्या अक्षरांत. मी म्हटलं, साहेब, हे कागदावर दिसतं, पाटीवर दहा फुटांवरून डाग दिसेल. साहेब म्हणाले, डिझाइन मंजूर झालंय. ओल्यावर ओला रंग फिरवत, खारीच्या केसांचा ब्रश घेऊन मी नऊ दिवस ते केलं. दोन वर्षांनी साहेब बदलले. नव्या साहेबांनी नवं चिन्ह आणलं. मलाच बोलावून त्या अकरा पाट्यांवर पांढरा हात मारून घेतला. दुसऱ्या कामाचे पैसे मिळाले. पहिलं बिल अजून येणे आहे.

फ्रान्समध्ये तरी सगळं आलबेल आहे असं समजू नका. तिथे निम्म्या कचेऱ्यांवर झेंडा म्हणून जे फडकतं, ते पांढरं कापड आणि त्याच्या मधोमध कार्यालयाचं बोधचिन्ह, खाली नाव. वारा नसला की नुसता टॉवेल वाळत घातल्यासारखा. वारा आला आणि कापड फिरलं की अक्षरं उलटी. फ्रान्समध्ये जवळपास ३५ हजार गावं आहेत, प्रत्येकाला स्वतःची पालिका, चारशे वस्तीच्या गावालाही महापौर आणि पुष्कळांना स्वतःचं कुलचिन्ह. त्या जुन्या ढाली मी रस्त्यात थांबून-थांबून पाहिल्या: मासा, किल्ली, बुरूज, द्राक्षाचा घड. हातानेच काढलेल्या असाव्यात अशा. आणि त्याच गावच्या कचेरीच्या दारावर मात्र एक वळणदार रेघ, एक ठिपका, आणि तिरक्या अक्षरांत गावाचं नाव. ती रेघ नदी म्हणे. पुढच्या गावातही तीच रेघ. तीही नदी.

रंगाचं म्हणाल तर त्यांच्या राष्ट्रध्वजाचाही घोळ आहे. १९७६ साली त्यातला निळा उजळ केला होता, युरोपच्या झेंड्याशेजारी शोभावा म्हणून. २०२० साली राष्ट्राध्यक्षांच्या महालावर पुन्हा जुना, गडद निळा चढवला. कुणाच्या लक्षात आलं नाही! वर्षभराने बातमी झाली. निळ्याच्या दोन डब्यांतला फरक गिऱ्हाइकाला कळत नाही, पेंटरला कळतो, हे मी उगाच म्हणत नव्हतो.

आता खालच्या मजल्यावरचे ब्रिटनीचे आजोबा. त्यांच्या मागच्या काचेवरचा झेंडा काही पुरातन नाही. १९२३ साली मोर्वां मार्शाल नावाच्या माणसाने तो काढला. काळे पाच पट्टे, पांढरे चार. एके काळच्या नऊ धर्मप्रांतांचे नऊ. पाच फ्रेंच धाटणीची बोली बोलणाऱ्यांचे, चार ब्रेटन भाषा बोलणाऱ्यांचे. कोपऱ्यात पांढऱ्यावर काळे ठिपके, मुंगसासारख्या एका प्राण्याच्या कातड्याच्या शेपटीचे ते ठसे म्हणे, जुन्या सरदारांची खूण. सरकारने कधी हुकूम काढून तो लादला नाही. तरी तिथे नावेवर, मासळीच्या दुकानावर, फुटबॉलच्या मैदानात सगळीकडे तोच. आजोबा मूळचे त्या प्रांताच्या जुन्या राजधानीजवळचे, नांत शहराजवळचे. ते शहर १९४१ साली कागदावर ब्रिटनीतून काढलं आणि आजतागायत परत जोडलं नाही. तिथला आकडा ४४. त्या आकड्यावर सरकार दुसऱ्याच प्रदेशाची खूण देतं, म्हणून लोक तिच्यावर ब्रिटनीच्या झेंड्याचं स्टिकर चिकटवतात. नियमात बसत नाही. आजोबांनी सरळ ब्रिटनीच्या टोकाचा २९ घेतला, वाद नको म्हणून. मला त्यांनी हे सगळं हातवारे करून आणि माझ्या नातीला दुभाषी करून सांगितलं, दीड तास. माझा चहा गार झाला.

कॉर्सिका बेटाच्या झेंड्यावर हबशी माणसाचं मस्तक आहे. पूर्वी त्याच्या डोळ्यांवर पट्टी असायची. अठराव्या शतकात पाओली नावाच्या त्यांच्या पुढाऱ्याच्या काळात ती पट्टी कपाळावर सरकवली. कैद्याचा माणूस झाला. ब्रशचे दोन फटकारे. असं काम आयुष्यात एकदा तरी हातून व्हावं असं मला वाटायचं.

आणि आम्ही काय झेंडे न ओळखणारी माणसं आहोत? पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला निघालेली दिंडी पाहा, प्रत्येक गावाची पताका. सप्तशृंगगडावर चैत्रात आणि नवरात्रात कीर्तिध्वज चढतो. दरेगावचा मानकरी रात्री त्या शिखरावर चढून जातो, जिथे दिवसा चढायलाही वाट नाही, आणि सकाळी उठून अख्खा कळवण-दिंडोरी पट्टा मान वर करून बघतो, लागला का. सिंहस्थात तर आखाड्यांच्या ध्वजांसाठी केवढाले खांब उभे राहतात! झेंडा म्हणजे काय हे नाशिकला शिकवायला नको. पण हे सगळे देवाचे आणि पंथांचे. शहराचं म्हणून, म्हणजे त्यात राहणाऱ्या, कर भरणाऱ्या, खड्ड्यांतून गाडी घालणाऱ्या सगळ्यांचं म्हणून मला एक्केचाळीस वर्षांत कुणी काही काढायला सांगितलं नाही. सांगितलं ते कार्यालयाचं.

खूण म्हणतोय, झेंडा म्हणत नाही, हेही स्पष्ट करतो. आपल्या ध्वजसंहितेत तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीने दुसरा झेंडा लावायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. कर्नाटकाने २०१८ साली राज्याचा झेंडा ठरवला, केंद्राची मंजुरी आली नाही. त्या वादात मला पडायचं नाही. बसवर, पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या भिंतीवर, पोरांच्या गाडीवर जाईल अशी एक खूण, बस.

कोणती? यावर गंगेवरच्या आमच्या कट्ट्यावर महिनाभर खल चालू आहे. पिंपळगावचे एक बागायतदार येतात, ते म्हणाले द्राक्षाचा घड. मी म्हटलं, सांगलीवाले हसतील. प्रेसवाला मित्र म्हणाला नोट. एक निवृत्त मास्तर म्हणाले कुंभ, म्हणजे कलश. पण कलश प्रयागचाही आहे, हरिद्वारचाही आहे, उज्जैनचाही आहे. पाच वड म्हटलं की सिडकोवाला म्हणतो, आमच्याकडे तर सावलीलाही झाड नाही.

माझं मत गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे जातं. १९६९ च्या महापुरात मी शाळेत होतो, बापाचा हात धरून पाणी बघायला गेलो होतो. २००८ ला नातेवाइकांचे फोन येत होते. प्रश्न तेव्हाही तोच आणि आजही तोच: "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गंगापूर धरणातून पाणी सोडलं की हा प्रश्न सातपूरचा कामगार विचारतो, देवळालीचा फौजी विचारतो, पुण्यात शिकणारा एमएच १५ वालाही घरी फोन करून विचारतो. गुडघा, कंबर, छाती, गळा. शहराने स्वतःच्या हाताने केलेली मोजपट्टी आहे ती. पॅरिसची खूण नाव आहे, सेन नदीवरच्या नावाड्यांच्या शिक्क्यावरून आलेली. 'हेलकावे खाते, पण बुडत नाही' असं लॅटिन वचन त्याखाली आहे, १८५३ साली ते अधिकृत केलं. नावाड्यांची खूण शहराने घेतली, तशी पूर बघणाऱ्यांची आपण घ्यावी, असं मी कट्ट्यावर म्हटलं.

मास्तरांनी एका वाक्यात मला आडवं केलं. "पेंटर, शहराची खूण घंटागाडीवरही लागणार. मारुती घंटागाडीवर लावणार का?"

खरं आहे. देव नको. कचऱ्याच्या गाडीवर, गटाराच्या झाकणावर, थकबाकीच्या नोटिसीवर जी लावायला संकोच वाटेल, ती शहराची खूण होऊ शकत नाही. मग मी मारुती काढून घेतला आणि पाणी ठेवलं. घाटाच्या पायऱ्या आणि त्यावर चढलेली पाण्याची एक रेघ. पायऱ्या गेरूच्या रंगात, पाणी पांढरं. म्हणजे गेरूचा हात मारून मधली रेघ मोकळी सोडायची, दुसरा डबा उघडायलाच नको. पायऱ्या किती, यावर पुन्हा दोन संध्याकाळी गेल्या. महापालिकेचे विभाग सहा: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको, सातपूर. म्हणून सहा. पाण्याखालची पायरी कुणाची, हे विचारू नका, ते भांडण अजून चालू आहे.

माझीच घ्या असं म्हणत नाही. तुलूझच्या प्रदेशात लोकांना नाव विचारलं, दोन लाखांवर लोकांनी मत दिलं. आपल्याकडे निदान शाळेतल्या पोरांना विचारा. आपल्या वृत्तपत्राने एखाद्या रविवारी चार इंचांची रिकामी चौकट छापावी. मुलांनी तीत काढून पाठवावं. अटी माझ्या तीनच: खडूने भिंतीवर एका मिनिटात काढता आली पाहिजे, मेन रोडच्या एका फुटपाथवरून दुसऱ्या फुटपाथवर ओळखू आली पाहिजे, आणि घंटागाडीवर शोभली पाहिजे. अक्षर एकही नको. वचन नको. संगणकावर केलेली नको.

जी निवडाल ती पहिली मी रंगवून देईन, फुकट, आपण सांगाल त्या भिंतीवर. हात थोडा थरथरतो, पण सरळ रेघ अजून येते. पत्र लांबलंय, कात्री लावायची असेल तर कॉर्सिकावर लावा, नाशिकरोडवर नको. प्रेसवाला मित्र रोज विचारतो छापून आलं का. त्याने स्वतःच्या दोन खुणा आधीच काढून माझ्याकडे दिल्यात. दोन्हींत नोट आहे.

आपला,
एक निवृत्त पेंटर
पंचवटी, नाशिक